मामीच्या भिंतीवरचा घास

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आम्हा मंडळींचा एक अलिखित कायदा आहे. फोटो नसेल तर पक्षी दिसला नाही. तुम्ही शपथा घ्या, पंखांचे रंग सांगा, त्याचा आवाज काढून दाखवा, ग्रुपवर कुणीतरी शांतपणे विचारणारच, फोटो आहे का? मी स्वतः हा प्रश्न विचारून भल्याभल्यांची तोंडं बंद केली आहेत. रोज तांबरमहून गाडी पकडून नुंगंबाक्कमच्या सरकारी कचेरीत फायली उपसायला जाणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या बाईला एवढा रुबाब दुसरीकडे कुठे करायला मिळणार?

मामी आमच्या शेजारी राहतात. तशा त्या माझ्या कुणी लागत नाहीत. इथे वयाने मोठ्या बाईला मामीच म्हणतात. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. किती पिढ्या इकडे गेल्या ते त्यांनाही सांगता येत नाही, पण घरात मराठी टिकवलेली. नवऱ्याच्या नोकरीपायी मी सांगलीहून इथे आले, तेव्हा भिंतीपलीकडून कुणीतरी तमिळ हेल काढून पोथीतलं मराठी बोलतंय हे ऐकून मी हातातलं काम टाकून गच्चीत धावले होते. ‘जेवण जालें कां?’ असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि परक्या गावात त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. त्यांना माझं मराठी वर्तमानपत्रातलं वाटतं. तरी आमचं चांगलं जमलं.

त्यांचे यजमान गेल्यापासून मामी एकट्याच राहतात. मुलगी सासरी, लांबच्या गावी. यजमान गेले तसा मामींनी एक नेम धरला. स्वयंपाक झाला की पहिला गरम भात, त्यावर डाळ आणि तुपाचा थेंब, असा एक घास परसाच्या भिंतीवर ठेवायचा आणि ‘का, का, का’ अशी हाक घालायची. कावळ्याने घास उचलला की मग त्या पानावर बसणार. इथे पुष्कळ घरांत ही पद्धत आहे, पण बाकीच्यांचं कसं, घास ठेवला की झालं. मामी उभ्या राहून वाट बघायच्या. त्यांचा एक ठरलेला कावळा होता, मानेवर जरा जास्तच करडा. तो आला की त्या डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. हे मी गच्चीतून कितीदा पाहिलं होतं आणि मनात हसलेही होते. आमच्याकडे दहाव्याला कावळा शिवायची वाट बघतात ती एक दिवस. ह्या बाईने ती रोजची लावून घेतली होती.

मग त्या ऑक्टोबरात नवरंग आला.

सकाळी मामींनी भिंतीपलीकडून मला हाक मारली. परसात कावळ्यांनी एक रंगीत पाखरू धरलंय, लवकर ये, म्हणाल्या. मी कॅमेरा घेऊनच धावले, हेही लिहून ठेवते. काठी नाही, कॅमेरा. धुण्याच्या दगडामागे, केळीच्या बुंध्याशी तो अंग चोरून बसला होता. हिरवी पाठ, खांद्यावर निळ्याची चमक, बदामी पोट, शेपटीखाली कुंकवासारखा लाल, आणि डोळ्यांवरून ओढलेली काळी पट्टी. पावसाळ्यात आमच्याकडच्या रानात घरटं करणारा आणि थंडीत दक्षिणेला येणारा हा पक्षी. इथले लोक त्याला सहाची चिमणी अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, कारण सकाळ-संध्याकाळ त्याच वेळेला तो शीळ घालतो. पुस्तकात तो दुर्मीळ नाही. पण झाडीत लपून राहणाऱ्या ह्या पक्ष्याने, विमानतळाच्या आणि रेल्वेच्या मधल्या आमच्या वस्तीत, एका म्हाताऱ्या बाईच्या परसात येऊन बसणं हे आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि मी तर सांगलीत इतकी वर्षं काढून तो एकदाही पाहिला नव्हता. माहेरचं माणूस मला शोधत आलंय असं मला वाटलं. अक्षरशः डोळे भरून आले.

रात्रभर उडून तो दमला होता. दोन कावळे केळीवर, एक कपड्यांच्या दोरीवर, आणि मामींचा तो करडा मानेचा भिंतीवर. मामींनी खराटा आपटून त्यांना हाकललं, पण पुन्हा येऊन बसले. तेव्हा मी म्हणाले, मामी, भिंतीवर भात ठेवता म्हणून ते ह्या परसावर नजर ठेवून असतात. थोडे दिवस ठेवू नका. नाहीतर हे पाखरू मरेल.

मामींनी भिंतीकडे पाहिलं, केळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “पावम. लांबून आलें आहे तें. राहूं दे.”

पावम म्हणजे बिचारं. त्या दिवशी भिंतीवर घास गेला नाही.

इथवर माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पाखराचा जीव खरोखरच धोक्यात होता. पण एक-दोन दिवसांत नवरंग सावरला. मामींच्या आंब्याखाली पाचोळ्याचा ढीग होता, त्यात चोच घालून किडे-गांडुळं उचलायला लागला. कावळा दिसला की तो जास्वंदीच्या जाळीत सटकायचा. आता त्याला भातबंदीची गरज उरली नव्हती. गरज मला होती.

सकाळी थोडा वेळ आंब्याच्या फांद्यांतून धुण्याच्या दगडापाशी ऊन उतरायचं. त्या उन्हात नवरंग उभा राहिला तर त्याचे सगळे रंग एका फोटोत येतील, असं माझ्या डोक्याने घेतलं. पण आसपास कावळ्याची सावली जरी पडली तरी तो जाळी सोडेना. घास मिळत नसला तरी कावळे सवयीने वेळेवर येतच होते. भिंतीवर बसून मामींच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू.

नवऱ्याची एक मोडकी काळी छत्री माळ्यावर पडली होती. मी तिचं कापड फाडलं, आत जुने मोजे कोंबले, दोन पंख लोंबते सोडले आणि मेलेल्या कावळ्यासारखं काहीतरी तयार केलं. कावळे स्वतःच्या जातीचं मढं टांगलेलं दिसलं की ती जागा टाळतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. नवरा म्हणाला, “बुजगावणं कावळ्यांसाठी करतेयस की मामींसाठी?” त्याला तोंड नसतं तर बरं झालं असतं असं मला अधूनमधून वाटतं, तेव्हाही वाटलं. मी ते मामींच्या शेवग्याला दोरीने टांगलं, बरोबर त्या भिंतीच्या वर.

मामी मागच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मी सांगितलं, नवरंगासाठी करतेय. त्या “सरि”, म्हणजे बरं, एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या. ज्या भिंतीवर ही बाई रोज आपल्या यजमानांना जेवायला बोलावत होती, तिथे मी मेलेला कावळा टांगला होता. हे मला त्या क्षणी सुचलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. सुचलं होतं. कावळा तो कावळा, असं मी मनाला बजावलं.

कापडी कावळ्याने काम चोख केलं. आजूबाजूचे सगळे कावळे जमले, त्याच्याभोवती घिरट्या घालत अशी काही शोकसभा भरवली की गल्लीतले लोक बाहेर आले. मग दुपारी सगळे एकदम उठले आणि गेले. परस शांत झालं.

तरी नवरंग उन्हात येईना. आठवडाभर मला कचेरी, म्हणजे हाती फक्त सुट्टीच्या सकाळी. मामींना मी पाचोळा झाडू नका म्हणाले, त्यांनी खराटा बाजूला ठेवला. धुणं उशिरा धुवा म्हणाले, त्यांनी दुपारी धुतलं. अजून थोडे दिवस भात नको, म्हणाले. “सरि.” मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टूल मांडून, कॅमेऱ्याची लांब नळी गजांतून बाहेर काढून बसायची, आणि मामी माझ्या हाताशी कॉफी आणून ठेवायच्या. एकदा सहज मागे वळून पाहिलं तर त्या वाटीतून दहीपोहे खात होत्या. जेवणाच्या वेळेला पोहे कसे, विचारलं. आता पोहेच बरे लागतात, म्हातारपण, असं काहीतरी म्हणाल्या. चुलीवर कुकर नव्हता. मी त्या स्वयंपाकघरात तासन्‌तास बसत होते आणि इतक्या सकाळींत कुकरची शिट्टी एकदाही ऐकली नव्हती. कावळ्याने घास घेतल्याशिवाय ही बाई भाताला हात लावत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तेवढ्यात पाचोळा हलला आणि मी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

शेवटी बरं नाही असं कचेरीत कळवून मी एक कामाचा दिवस घेतला आणि त्या दिवशी तो आला. दगडाच्या कडेवर चढला, छाती पुढे काढली, मान किंचित वळवली. ऊन त्याच्या खांद्यावर होतं. मी श्वास धरून फोटो काढत राहिले. ग्रुपवर टाकला तेव्हा फोन थांबेना. ज्या लोकांनी मला कधी धड ओळख दाखवली नव्हती त्यांनी भिंग कुठलं, उजेड कसा साधला, असं आदराने विचारलं. एकाने वरच्या कोपऱ्यात धूसर काळं काय दिसतंय ते विचारलं. मी तो कोपरा कापला आणि फोटो पुन्हा टाकला.

त्याच संध्याकाळी मी छत्रीचं कापड काढून टाकलं आणि मामींना मोठ्या मनाने सांगितलं, आता उद्यापासून भात ठेवा. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी कावळा आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मामी हाका घालत राहिल्या, घास भिंतीवर वाळला, मुंग्यांनी नेला. मी कचेरीतून आले की पहिलं गच्चीत जाऊन विचारायची, आला का? त्या मान हलवायच्या आणि “परवाइल्लै” म्हणायच्या. काही हरकत नाही. आणि दहीपोह्यांची वाटी विसळायला न्यायच्या. पोलक्याच्या बाह्या त्यांना सैल व्हायला लागल्या होत्या. मी म्हणाले, मामी, नेम जरा बाजूला ठेवा, पोटभर भात खा. त्या हसल्या. लग्नानंतर यजमानांच्या आधी त्या कधी जेवल्या नव्हत्या. आता म्हातारपणी कशाला, म्हणाल्या.

मग मी कावळ्यांच्या मागे लागले. वडा ठेवून पाहिला, चकली ठेवून पाहिली. सुट्टीच्या दिवशी मामींच्या भिंतीशी उभी राहून, चारचौघांत ‘का, का’ ओरडले. नवऱ्याने सुकटाचा सल्ला दिला. मामींच्या भिंतीवर सुकट ठेवायची माझी छाती झाली नाही. कावळे आमच्या गच्चीवर यायचे, पलीकडच्या गल्लीत यायचे, विजेच्या तारेवर ओळीने बसायचे. मामींचं परस तेवढं सोडून जायचे. त्या करड्या मानेच्या कावळ्याला मी लांबून ओळखत होते. तो भिंतीकडे बघायचा आणि शेवग्याकडे बघायचा. तिथे आता काही नव्हतं, पण त्याच्या लेखी होतं.

अशात मामींच्या यजमानांची तिथी आली. एग्मोरला राहणारा पुतण्या गुरुजींना घेऊन सकाळीच आला. मुलीच्या पायाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तिला प्रवास जमणार नव्हता. ती फोनवर होती, आणि पुतण्याने फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला होता. मी मदतीला गेले होते. विधी झाला. भिंतीवर केळीच्या पानावर पिंड ठेवला. सगळे मागे सरून उभे राहिले.

कुणी आलं नाही.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी कुणी आलं नाही. आमच्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते शोधतात आणि तसा शब्द देतात. इथेही तेच झालं. पुतण्या हात जोडून तमिळमध्ये म्हणाला, काका, काकूला मी अंतर देणार नाही, दर आठवड्याला येईन. पान तसंच. मग फोनमधून मुलगी रडायला लागली. ती मराठीत सुरू करून तमिळमध्ये गेली. अप्पा माझ्यावर रागावलेत, म्हणाली. शेवटच्या दिवसांत मी नव्हते, आजही नाही. पुढच्या वर्षी काही झालं तरी येईन, अप्पा, पाय तुटला तरी येईन.

मी तिथेच उभी होते, शेवग्याखाली. तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं की बाई, तुझे अप्पा रागावलेले नाहीत, मी इथे मेलेला कावळा टांगला होता. एवढंच. पुतण्या काय म्हणेल, गुरुजी काय म्हणतील, हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि मी नुसती उभी राहिले. एक लेक माझ्या छत्रीच्या कापडासाठी स्वतःला बोल लावत होती आणि मी ऐकत होते.

मामी पुढे झाल्या. डोक्यावरून पदर घेतला, भिंतीपाशी गेल्या. त्या काहीतरी शब्द देणार असं सगळ्यांना वाटलं. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. पण त्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. तारेवरच्या कावळ्यांकडे पाहून, घरातल्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, “तें पाखरूं गेलें आपल्या गांवा. आतां तुम्हीं यावें.”

नवरंग गेला नव्हता. सकाळीच मी त्याला जास्वंदीत पाहिलं होतं. पण मामींना सगळं कळत होतं, पहिल्यापासून कळत होतं, आणि ज्याला समजावायचं त्याला त्यांनी समजावलं. माझं नाव त्यात कुठे येऊ दिलं नाही.

तरीही कावळा आला नाही. गुरुजींना पुढच्या घरी जायचं होतं. तेव्हा मीच म्हणाले, आमच्याकडे अशा वेळी दर्भाचा कावळा करतात. गुरुजींनी मान डोलावली. पुतण्याने दर्भ वळला आणि पिंडाला लावला. कापडाचा कावळा करून मी खरे घालवले होते, आणि आता गवताचा करायला सांगून मोकळी झाले होते. मामी पानावर बसल्या, भाताचे दोन घास खाल्ले, आणि उरलेल्यावर पाणी फिरवलं.

नवरंग उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून गेला. कधी ते मला कळलंही नाही, कारण मी त्या खिडकीत पुन्हा बसले नाही.

आता आम्ही एक सोय काढली आहे. मामी घास भिंतीवर न ठेवता केळीच्या पानाच्या तुकड्यावर माझ्याकडे देतात आणि मी तो आमच्या गच्चीच्या कठड्यावर ठेवते. आमच्या गच्चीवर कावळे येतात. कावळ्याने घास उचलला की मी भिंतीवरून ओरडून सांगते, “आला.” मग मामी जेवायला बसतात. कामाच्या दिवशी हे काम नवऱ्याकडे असतं. तो सरळ माणूस आहे. आला नाही तर आला नाही म्हणतो, आणि मामी दुपार कलेपर्यंत थांबतात. त्यावरून आमची भांडणं होतात.

सुट्टीच्या दिवशी मी असते. गेल्या रविवारी मी बराच वेळ कठड्याशी उभी होते. तारा रिकाम्या होत्या. खाली मामी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून वर बघत होत्या, पान मांडलेलं होतं. मी भाताचा घास मुठीत घेतला, कुंडीआड टाकला, आणि ओरडले, “आला.”

मामी उठल्या. आत जाताना त्यांनी विचारलं, “मानेवर करडा होता, तोच कां?”

मी म्हणाले, हो, तोच.

फोटो आहे का, असं त्या मला कधी विचारत नाहीत.